चिट्टी जोत, बर्फ असताना

११ मे, घरी

शाळेची दैनंदिनी एकतीस वर्षं लिहिली आणि तिच्यात एकदाही खोटं लिहिलं नाही. निवृत्तीनंतर चार वर्षं एक ओळ लिहिली नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडलं नाही. आता घडणार आहे. नियम तोच.

काल विपन आला. माझा भाचा, लेहरू भाऊचा थोरला, चंदीगडला बँकेत आहे. बूटही काढले नाहीत.

"बुआ, बाबा यंदाही कळप घेऊन जोतची खिंड ओलांडणार म्हणतात. सदुसष्ट वर्षांचे झाले. तुमचं तेवढं ऐकतात."

"माझं तो कधी ऐकत होता?"

"मग बरोबर तरी जा. चालवत नसेल तर तसं कळवा. तुम्ही सांगाल ते मी खरं मानीन. मग थंडीआधी कळप विकून टाकू."

तर काम हे. भाऊला अजून जमतं की नाही, एवढंच पाहून कळवायचं. माझ्या एका शब्दावर दीडशे मेंढ्या-शेळ्या जातील नाहीतर राहतील. कळप गेला तर भाऊ अंगणात बसून काय करील हे विपनला ठाऊक नाही. मला आहे. काही करणार नाही, आणि वर्षभरात जाईल.

भाऊला यातलं काही सांगितलं नाही. "यंदा मीही येते" एवढंच म्हटलं. वाटलं, हसेल. तो म्हणाला, "चल. मी तुला निरोप पाठवणारच होतो." कशासाठी ते बोलला नाही.

चिट्टी जोत मी शेवटची ओलांडली तेव्हा अकरा वर्षांची होते. त्यानंतर कॉलेज, नोकरी, लग्न, पलीकडच्या खोऱ्यात बदली, सगळं बसनं झालं, डोंगराला खालून वळसा घालून, दीड दिवसाचा. वेळ वाचतो असं लोकांना सांगत आले. वेळ वाचत नाही.

१४ मे, बर्फाखालचा तळ

तीन दिवस चढण. गुडघे दुखतात, तक्रार नाही. मोठ्या खडकाच्या आडोशाला दगडांची भिंत रचलेली आहे, आमच्या आज्यानं रचलेली. तिथं आम्ही, भोवती कळप. इथून वर बर्फ सुरू होतो. यंदा मार्च सरतानाही पडत होता, म्हणून खूप खालीपर्यंत उरला आहे.

बरोबर तेजू आहे, पगारी मेंढपाळ, तिशीचा, कामाला चांगला, तोंडाला वाईट. भाऊनं आईचा डोरा मला गुंडाळायला दिला. वीस हात काळी लोकरी दोरी कमरेभोवती घ्यायची. चाळीस वर्षांत घेतली नव्हती.

"मास्टरनीजी, डोरा उलटा गुंडाळलात," तेजू म्हणाला. "बघा, मेंढ्या हसतायत."

"तुला विचारलं का?"

"नाही जी. मेंढ्यांना विचारा."

सोडून पुन्हा गुंडाळला. उलटाच होता.

भाऊची नोंद. पहाटे पंचविशीतला असल्यासारखा चालतो, दगडावरून दगडावर. मला गाठता येत नाही. ऊन चढलं की मात्र मंदावतो, चिडचिड करतो, कळपाच्या मागे मागे राहतो. दुपारी चहाचा पेला मी पुढे केला तर हात पेल्याच्या बाजूनं गेला. वय. काल सुई दोरा ओवायला माझ्याकडे दिली. माझंही तेच होतं, मी चष्मा लावते, तो लावत नाही, एवढाच फरक.

एक खोड नवी लागली आहे. सारखी परीक्षा घेतो.

"ती डावीकडची घळ. तिच्यातला बर्फ कसा आहे? पांढरा की निळसर?"

"तुला दिसत नाही का? पांढरा."

"नीट बघ. पांढरा धरतो. निळसर असला तर खाली पाणी असतं."

"भाऊ, मी एकतीस वर्षं परीक्षा घेतल्या. आता देणार नाही."

"मग नापास करू?" म्हणाला, पण उत्तर मिळाल्याशिवाय हलला नाही. नीट पाहिलं. वरच्या टोकाला निळसर होता. सांगितलं. त्यानं मान हलवली, जशी मी चांगल्या उत्तराला हलवत असे.

जोतवरच्या देवीसाठी राखलेला मेंढा माझ्या उशाशीच बांधतात. काळ्या तोंडाचा, गळ्यात बापाच्या वेळची पितळी घंटा. जरा हलला की खणखण. झोप नाही.

झोप नाही ती घंटेमुळे, असं वर लिहिलं. अर्धं खरं आहे. तळावरून तो उतार दिसतो. वाट घळीच्या आडव्या अंगानं जाते, पाऊलभर रुंद. खाली बर्फ थेट नाल्यात उतरतो, अडवायला दगडसुद्धा नाही. अकराव्या वर्षी तिथं माझा पाय सुटला होता. भाऊनं डोरा पकडला, मी त्या टोकाला लोंबकळत होते. खाली पाण्याचा आवाज येत होता, बर्फाच्या आतून. तो आवाज अजून ऐकू येतो. इथं बसूनही येतो. तेजूला विचारलं, तो म्हणतो, इतक्या लांबून कसा येईल.

१६ मे, तळ

आज मी खोटं बोलले. लिहून ठेवते.

सकाळी देवीचा कौल घ्यायचा होता. मेंढ्याला मोकळं उभं करतात, कुणी हात लावायचा नाही, अंगावर पाणी शिंपडायचं आणि थांबायचं. अंग झाडून थरथरला की देवीनं वाट दिली. नाही थरथरला तर दुसऱ्या दिवशी विचारायचं नाही, दोन दिवस सोडून तिसऱ्या दिवशी. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण थंड पाणी पडलं की जनावर थरथरणारच, हे मलाही कळतं.

तेजू वर पाय टेकायला जागा बघायला गेला होता. भाऊनं पाणी शिंपडलं, टोपी काढून हात जोडले, आणि ऊन तोंडावर घेत उभा राहिला. थोडा वेळ काहीच नाही. कुत्रा भुंकला. मग मेंढ्यानं शेपटीपासून मानेपर्यंत अंग झाडलं, घंटेसकट, पाणी माझ्या चष्म्यावर उडालं.

भाऊ म्हणाला, "तृप्ते, थरथरला का?"

चार हातांवर उभा होता तो. मला काय विचारतो? देवीसमोर मान खाली घालतात म्हणून पाहिलं नसेल. आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही. हललाही नाही."

कशानं निघालं ते मला ठाऊक आहे. उद्या पहाटे त्या उतारावर जायचं होतं. मी उद्या जाऊ शकत नव्हते. बस, एवढंच.

भाऊनं टोपी घातली. जरा वेळ माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. "बरं," म्हणाला. "देवी नको म्हणते तर नको. दोन दिवस थांबू."

तेजू आला तो खूश होता. "चाचा, बर्फ दगडासारखा आहे. उद्या मास्टरनीजींना उंच टाचांच्या चपलांत नेतो."

"उद्या नाही," भाऊ म्हणाला.

तेजूनं मेंढ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझ्या कोरड्या ओढणीवर थेंब होते ते पुसायचे राहिले होते.

१७ मे, तळ

खालच्या गावचे प्रभाती आणि त्याची बायको सुनेहरू पहाटे दोनशे जनावरं घेऊन आमच्या समोरून गेले. सुनेहरू माझ्याहून मोठी, पाठीवर नातवाला बांधलेलं. "मास्टरनी, चल ना, की बसची वाट बघतेस?" आठ वाजता ती सगळी जोतवर ठिपक्यांसारखी उभी दिसली. एक करडूही घसरलं नाही.

भाऊला मोजून सांगावं लागलं, कुठवर पोचले, कशी चालतात. स्वतः खाली बसून लोकर कातत होता.

दुपारी वारा खालून आला, कोमट. मे महिन्यात इथं असा वारा मला आवडला असता. भाऊनं चाती खाली ठेवली आणि नाक वर करून बराच वेळ बसला.

१८ मे

पाऊस. बर्फ नव्हे, पाऊस, दिवसभर, बर्फावर. वरून दोनदा गडगडल्यासारखा आवाज आला. ढग नव्हते ते, बर्फ सुटत होता. तेजू आज विनोद करत नाही.

हे माझ्यामुळे. कुणाला सांगू?

१९ मे, तळ

आभाळ उघडलं. पुन्हा कौल. या खेपेला मी खरं सांगायचं ठरवलं होतं, काय होईल ते होवो. मेंढा उभा राहिला तो उभाच. पाणी निथळून गेलं. अर्धा तास. शेवटी तो बसला आणि रवंथ करू लागला.

"थरथरला?"

"नाही, भाऊ. खरंच नाही."

"हं," म्हणाला. "मग उद्या निघू."

मी चक्रावले. त्या दिवशी देवी नको म्हणाली तर मुकाट थांबला, आज नको म्हणते तर निघतो. तसं बोलून दाखवलं.

"देवीनं एकदा सांगितलेलं बदलत नाही," म्हणाला. मला त्याचं डोकं ठीक आहे ना अशी शंका आली. विपनला हेही कळवावं लागेल.

तेजू त्याला समजावत होता. "चाचा, वरची साल कडक आहे पण आत पोकळ झालाय. आठवडाभर थांबू."

"आठवड्यानं अजून पोकळ होईल. इथं गवत दोन दिवसांचं उरलंय. पहाटे गार पडलं की कळप पुढं काढ. ऊन यायच्या आत शेवटचं जनावर पलीकडे हवं. मी मागं, तृप्ता माझ्याबरोबर."

खरं तर मी आता सांगून टाकायला हवं होतं. सांगितलं नाही. मला खाली जायचं आहे. एकटीनं खाली जायचीही भीती वाटते.

२० मे, जोतच्या पलीकडे

हात दुखतो, पण आजच लिहायला हवं.

तारे विझताना निघालो. बुटांना पोत्याचे तुकडे बांधले. तेजूनं शेळ्यांना पुढं घातलं, मागे मेंढ्या एका ओळीत. अर्ध्या वाटेवर एक मेंढी अडली आणि व्यायली. भाऊ थांबला, त्याला थांबावंच लागतं, मागे राहणाऱ्याचं कामच ते. कोकरू पुसून अंगातल्या सैल लोकरी चोळ्यात छातीशी घातलं, मेंढीला चालती केली, ती कळपाच्या वासानं धावत पुढे गेली. पण त्यात वेळ गेला. उताराच्या तोंडाशी पोचलो तेव्हा कळप पलीकडे चढत होता आणि कड्यावरून ऊन खाली सरकत होतं.

आम्ही आडव्या वाटेवर शिरलो. कळपानं तुडवलेली, नीट वाट. मी पुढे, तो मागे. मी फक्त बुटांकडे बघत होते. मग वरून सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला, आणि आमच्या पुढची वाट गेली. धडधड नाही, काही नाही. ओला बर्फ पटांगणाएवढा रुंद घसरला, हळूच, आणि खाली नाल्यात जाऊन पडला. पुढे तीस-चाळीस पावलं नुसता गुळगुळीत उतार उरला. त्याच क्षणी ऊन आमच्यावर आलं.

मी मागे वळले. भाऊ काठी टेकून उभा होता. डोळे उघडे, आणि तो माझ्या खांद्याच्या बाजूला कुठेतरी बघत होता.

"वाट गेली का?" त्यानं विचारलं.

"तुला दिसत नाही?"

"उन्हात बर्फावर नाही दिसत. सगळं दूध होतं."

"केव्हापासून?"

"दोन वर्षं झाली. सावलीत दिसतं. पहाटे चांगलं दिसतं. मोतीबिंदू पिकलेत, दुसरं काय."

मला राग यायला हवा होता. पेला, सुई, घळीतला बर्फ, मेंढा, सगळं एकदम समोर आलं आणि राग यायला जागाच उरली नाही. पायाखालून पाण्याचा आवाज येत होता. पन्नास वर्षांपूर्वीचाच आवाज. मांड्यांवरून गरम काही वाहिलं. मला लघवी झाली होती. लिहायला लाज कसली, खरं लिहायचं ठरलं आहे.

"मागे फिरू," मी म्हटलं.

"मागचा वरचा बर्फ आता मऊ होतोय. जे पडायचं ते इथं पडून गेलंय. पुढं बरं."

"मला जमणार नाही, भाऊ."

"बरं. मग उभे राहू." आणि उभा राहिला. चोळ्यातलं कोकरू ओरडायला लागलं. तो त्याला म्हणाला, "गप रे, मास्टरनीबाई विचार करतायत."

मी माझा डोरा सोडला. त्याचा सोडला. दोन्ही गाठीनं जोडले, एक टोक माझ्या कमरेला, दुसरं त्याच्या. गाठ तीनदा बांधली. त्याची कुऱ्हाड घेतली. दांड्यानं खोदून, टाचेनं ठोकून एक पायरी केली. तिच्यावर उभी राहिले. धरली. दुसरी केली.

"ऐक," मी म्हटलं. "मी सांगीन तेवढंच करायचं. डावा पाय, वीतभर पुढं, चार बोटं वर. टाक."

टाकला.

"उजवा. वीतभर. खोल आहे, जाऊ दे आत."

"कवायत घेतेस काय?"

"बोलायचं नाही. डावा."

आवाज माझा नव्हता. म्हणजे माझाच होता, प्रार्थनेच्या रांगेसमोरचा, चार वर्षं न वापरलेला. त्या आवाजाला भीती वाटत नव्हती, बाकी सगळ्या मला वाटत होती. पायऱ्या मोजत गेले. बर्फ निळसर दिसला तिथं थांबले, दांडा घातला, हात कोपरापर्यंत आत गेला आणि खालून गार हवा आली. तिथून दोन हात वरून वळसा घेतला. त्यानं तळावर शिकवलं नसतं तर मी सरळ गेले असते.

बाविसाव्या पायरीला त्याचा पाय सुटला. ओरडला नाही. डोरा ताणला, कंबर तुटल्यासारखी झाली. मी कुऱ्हाड पात्यापर्यंत बर्फात घातली आणि तिच्यावर अंग टाकलं. तोंडात बर्फ गेला. वजन होतं, मग नव्हतं, मग पुन्हा होतं. हे किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. मग खालून आवाज आला, "कोकरू ठीक आहे."

"तू?"

"मी त्याच्याखाली आहे."

"पाय ठोक. डावा. जोरानं ठोक, भाऊ. आता उजवा."

ठोकत ठोकत तो माझ्या बुटांपर्यंत आला. त्याच्या कपाळावरून रक्त येत होतं. उरलेल्या पायऱ्या मी मोजल्या नाहीत. शेवटी पायाखाली मेंढ्यांची लेंडी आली, काळी, गरम. लेंडी बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

जोतवर देवीच्या त्रिशुळांशी तेजू मेंढा धरून उभा होता. सगळं वरून पाहिलं होतं त्यानं. माझ्या ओल्या सलवारीकडे बघितलं आणि नजर फिरवली. "बर्फात बसलात वाटतं, मास्टरनीजी," म्हणाला. या पोराचं तोंड तितकं वाईट नाही.

देवीचं देणं दिलं. मेंढा गेला. तेजूनं घंटा काढून भाऊच्या हातात दिली. चूल पेटली, चहा झाला. पेला मी भाऊच्या बोटांना लावला आणि सांगितलं, कारण न सांगता तो चहा मला गिळवत नव्हता.

"पहिल्या कौलाला मेंढा थरथरला होता. मी खोटं सांगितलं."

तो चहा फुंकत होता. "ठाऊक आहे."

"तुला तर दिसत नाही."

"घंटा वाजली ना."

तेजू एकदम उठून शेळ्यांकडे गेला.

"मग थांबलास कशाला? त्या दिवशी बर्फ दगडासारखा होता. माझ्यामुळे आज दोघंही गेलो असतो."

"तुझे पाय तयार नव्हते. मला तुझे डोळे हवे होते. ते पायांबरोबरच येणार ना?" मग म्हणाला, "पाऊस येईल हे मात्र मला कळलं नाही. ती माझी चूक."

उतरताना उन्हात त्यानं ती घंटा माझ्या डोऱ्याला बांधली, आवाजामागं चालता यावं म्हणून. संध्याकाळपर्यंत मी खणखणत होते.

२४ मे, धार

आमच्या गवताची धार, म्हणजे डोंगरावरचं उन्हाळी कुरण. इथं फक्त वरच्या खडकावर चढलं की फोन लागतो. चढले.

"बुआ, मग?" विपन म्हणाला. "चालवतं का त्यांना?"

"चालवतं. दिसत नाही."

"म्हणजे कळपाच्या गिऱ्हाइकाला सांगू?"

"गिऱ्हाइकाला नाही, डोळ्यांच्या डॉक्टरला सांग. पावसाळा संपल्यावरची तारीख घे, दोन्ही डोळ्यांची. तोवर मी इथं आहे."

"तुम्ही? तिथं? चार महिने?"

"वही पुरेल."

"आणि परत कशा येणार? तारीख खालची आहे, बुआ. बसनं?"

उत्तर द्यायच्या आधी फोन कटला. तेव्हा नवा बर्फ पडायच्या आत कळप खाली न्यावा लागेल, त्याच उतारावरून. काल स्वप्नात भाऊ घसरला आणि या वेळी डोरा हलका लागला. उठून बघितलं, घोरत होता.

खाली आले. भाऊ उन्हाकडे पाठ करून कातत बसला होता. कमरेची घंटा काढू का विचारलं. राहू दे म्हणाला. मग समोर हात केला. "तो नाल्यापलीकडचा उतार. बर्फ कसा आहे?"

"पांढरा," मी म्हटलं. मग उठून चार पावलं पुढे गेले, चष्मा पुसला, नीट पाहिलं आणि उत्तर दुरुस्त केलं. "खालच्या कडेला निळा आहे, भाऊ. दोन हात रुंद. तिथून जायचं नाही."